मोकळा मेंढवाडा

फार मागच्या काळी एका उघड्या माळावर एक मेंढवाडा होता आणि त्याला मालक नव्हता.

छातीइतक्या उंच दगडी भिंती होत्या, चारही बाजूंनी सारख्या. त्यांत माती नव्हती, चुना नव्हता. दगडावर दगड नुसता रचून ठेवलेला. ये-जा करायला एकच दार, तेही बाभळीच्या फांद्यांचं. हा वाडा कुणी बांधला, ते आसपासच्या पाच गावांत कुणालाच सांगता येत नसे. विचारलं तर लोक म्हणत, "आहे आपला. मोकळाच असतो."

त्याच मुलखात म्हाकूबाई नावाची एक धनगरीण मेंढरं घेऊन फिरायची. सत्तर मेंढरं, एक घोडी, चितऱ्या नावाचा एक कुत्रा आणि हौसा नावाची एक सून, एवढाच तिचा संसार. नवरा केव्हाच देवाघरी गेला होता. मुलगा राजाच्या फौजेत घोड्यांची निगा राखायला गेला होता, आणि फौज कुठे आहे हे फक्त राजाला ठाऊक होतं. हौसाला आठवा महिना लागला होता.

धनगरांचा एक जुना नियम होता. संध्याकाळ झाली की कुणाच्या तरी शेतात वाघर लावायची. वाघर म्हणजे दोरीचं जाळं. मेखा ठोकून ते गोल उभं केलं की झाला मेंढरांचा वाडा. शेताला लेंडीखत मिळे, धनगरांना ज्वारी मिळे. पण एका जागी तीन रात्रींच्या वर राहायचं नाही. चौथ्या दिवशी वाघर गुंडाळायची आणि पुढे चालू लागायचं. 'तीन राती, मग पुढली माती' असं म्हातारी माणसं म्हणत. का, ते मात्र कुणी सांगत नसे. सगळ्या शेतांना सारखं खत मिळावं म्हणून असेल, असं लोकांना वाटे.

हौसाचे पाय सुजले होते. ती तक्रार करत नसे, पण चालताना घोडीची शेपटी धरून चालायची. म्हाकूबाईला ते मागे वळून न बघताही कळत होतं. एक दिवस माळ ओलांडताना तो मेंढवाडा दिसला आणि म्हाकूबाई थांबली.

दाराच्या फांद्या उन्हाने पांढऱ्या पडल्या होत्या. पण दार नीट लावलेलं होतं. दोरीला व्यवस्थित दुहेरी गाठ मारलेली होती, घरातलं माणूस नुकतंच बाजाराला गेलं असावं तशी.

"आत्याबाई, हितंच ऱ्हायाचं का?" हौसाने विचारलं.

"तुझं बाळंतपण होईस्तोवर."

"आन् तीन रातींचं काय?"

"त्यो नियम वाघरीचा. भिंतीला कुठला आलाय नियम? भिंत का गुंडाळून न्यायची हाय?" म्हाकूबाई हसली आणि तिने गाठ सोडली.

मेंढरं धावतच आत गेली. घोडी बाहेर लिंबाला बांधली. त्याच लिंबाखाली सासू-सुनेने पाल ठोकलं. चितऱ्या मात्र दारापाशी बसून राहिला. त्याने पंजा आत टाकला, वास घेतला आणि पंजा मागे घेतला.

"ये की रं आत," म्हाकूबाई म्हणाली. "आत काय तुझं लगीन लावतीया मी?"

चितऱ्याने मान दुसरीकडे वळवली. हौसा भिंतीकडे बघत होती.

"आत्याबाई, इतक्या फटी हायत, पर एकाबी चिमणीचं घरटं न्हाई."

"चिमण्यांना माळावर खायाला काय मिळतंय? चल, भाकरी थाप."

पहिले काही दिवस फार सुखाचे गेले. लांडग्याची भीती नाही, मेखा ठोकायच्या नाहीत, कुणा शेतकऱ्याची मनधरणी करायची नाही. म्हाकूबाईला कित्येक वर्षांत अशी गाढ झोप लागली नव्हती. ती हौसाला म्हणायचीसुद्धा, "आपली माणसं उगाच वणवण करत्यात बघ. बापजाद्यांनी सांगितलं म्हणून चालत ऱ्हायचं, झालं."

आठव्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर एक मेंढी उठली नाही.

म्हाकूबाईने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मेंढीची तब्येत अशीच बघतात. पापणी आतून लाल हवी. ही पांढरी होती, धुतलेल्या कापडासारखी. दुपारी ती मेंढी मेली. तिला न खाज होती, न खोकला, न जुलाब. ती नुसती हलकी झाली होती. उचलताना म्हाकूबाईला वाटलं, आपण लोकरीचं गाठोडं उचलतो आहोत.

मग रोज तेच होऊ लागलं. आज एक कोकरू, उद्या एक मेंढी. जी जिवंत होती ती अडखळत चालायची. काहींच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज आली. म्हाकूबाईने एकेक मेंढरू आडवं पाडून तपासलं. लोकर बोटांनी फाकून कातडी बघितली, कान बघितले, शेपटीखाली बघितलं. दोन-चार नेहमीचे गोचीड सापडले, ते तिने काढून निखाऱ्यावर टाकले. तेवढ्याने सत्तर मेंढरांचं रक्त कसं आटेल? फक्त पोटाखाली, जिथे लोकर विरळ असते तिथे, बारीक तांबडे ठिपके होते. काडीच्या टोकाने मेंदी टेकवावी, तसे.

तिने चारा बदलला. पाणवठा बदलला. हळद लावली, लिंबाचा पाला उकळून अंग धुतलं. नजर उतरवली. एक रात्र मशाल पेटवून ती दारात बसून राहिली, पण मशालीच्या उजेडात काहीच आलं नाही. फक्त उजेड जिथे संपत होता तिथली भिंत जराशी हलल्यासारखी वाटली. मशालीची ज्योत हलते तेव्हा सगळंच हलतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी मेंढरं दारापाशी थबकू लागली. ती ओरडत नसत, पळत नसत. नुसती एकमेकांना अंग लावून उभी राहत. म्हाकूबाई त्यांना काठीने आत ढकलायची.

माणसाला कारण सापडलं नाही की तो माणूस शोधतो. एक दिवस म्हाकूबाई सुनेवरच घसरली.

"तुझ्या सासऱ्याच्या वक्ताला असं कदी झालं न्हाई. तुझा पाय लागला आन्..."

हौसाने हातातलं पीठ खाली ठेवलं.

"माझा पाय सुजून भोपळा झालाय आत्याबाई. मेंढरांचं रगत प्यायला त्यो रातचा उठून आत कसा जाईल?"

रागाच्या भरात म्हाकूबाईला जाणवलंही नाही, की 'रक्त प्यायला' हे शब्द आज पहिल्यांदाच कुणीतरी बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर धुळाबा नावाचा एक म्हातारा धनगर आपली मेंढरं घेऊन आला. रामराम झाला. म्हाताऱ्याची नजर म्हाकूबाईच्या मेंढरांवर गेली. न विचारताच तो पुढे आला आणि त्याने एका मेंढीची पापणी ओढून पाहिली.

"कुठं बसलाय?"

"माळावरल्या मेंढवाड्यात."

म्हाताऱ्याचं बोट पापणीवर तसंच राहिलं. मग त्याने हात काढला आणि धोतराला पुसला.

"बरं हाय," तो म्हणाला. "भिंत हाय."

"काय झालं आसंल हो मेंढरांना, बाबा? तुमी जुनं माणूस."

"कुणाच्या मेंढरांना काय हुतंय, आपण काय सांगावं," असं म्हणून त्याने शीळ घातली. त्याच्या मेंढरांचं अजून पिऊन झालं नव्हतं. तरी तो त्यांना तसंच तहानलेलं हाकत घेऊन गेला. म्हाकूबाई बघतच राहिली. पाण्यावरून मेंढरं उठवणारा धनगर तिने आजवर पाहिला नव्हता.

असे वीस दिवस झाले. सत्तरातली सोळा मेंढरं गेली. कुणी मेलं की म्हाकूबाई त्याला पायाला धरून दूर ओढ्यात टाकून यायची आणि हौसाला बघू द्यायची नाही.

एकविसाव्या दिवशी दुपारी हौसा कुत्र्याला घेऊन मेंढरं जवळच चारत होती. म्हाकूबाई वाड्यातच थांबली होती. तिच्या मांडीवर आठ दिवसांचं एक कोकरू होतं. त्याला उभं राहता येत नव्हतं. ती भिंतीच्या सावलीत बसून त्याला बोटाने दूध चाटवत होती. कोकरू चाटायचं थांबलं. म्हाकूबाईने त्याला हलवलं, हाक मारली. मग तिने कपाळ भिंतीला टेकवलं आणि एक लांब सुस्कारा सोडला.

तिच्या डोळ्यांपासून दोन बोटांवर दगडांमधली एक फट होती. फटीतली वाळू हलली.

तिला वाटलं, वारा असेल. पण वारा पडलेला होता. तिने पुन्हा श्वास सोडला. या खेपेला मुद्दाम, तोंड फटीजवळ नेऊन, विझत्या चुलीवर फुंकर घालतात तसा.

वाळू पुढे आली. वाळूला पाय होते.

ते करडे, चपटे, सुरकुतलेले जीव होते, वाळलेल्या बोराच्या सालीसारखे. त्यांना अजिबात घाई नव्हती. सगळे मिळून ते फटीच्या कडेपर्यंत आले आणि जिथे तिच्या श्वासाची ऊब संपत होती, तिथे थांबले. पुढचे पाय वर उचलून ते हवेत काहीतरी चाचपू लागले.

म्हाकूबाईने बाभळीचा एक काटा फटीत घातला आणि आतून एक जीव ओढून काढला. हा मात्र चपटा नव्हता. पिकल्या करवंदासारखा टचटचीत फुगलेला होता. तळहातावर पडताच तो फुटला. रक्त निघालं, दाट आणि काळपट.

ते गोचीडच होते. पण गोठ्यातले गोचीड जनावराला चिकटून बसतात, तसे हे बसत नव्हते. हे अंधारात येत, घटकाभर पीत आणि उजाडायच्या आत आपापल्या फटीत परत जात. म्हणून दिवसा मेंढरांच्या अंगावर काही सापडत नव्हतं. इतके दिवस तिने मेंढरं तपासली होती. भिंत तिने एकदाही तपासली नव्हती.

तीन रातींचा नियम कशासाठी होता, तेही तिला आता कळलं. जागा सतत बदलली, की असल्या जिवांना घर करायला सवडच मिळत नाही. जे दोरीवर राहू शकत नाही, ते भिंतीत राहतं.

तिने मान वर केली. चार भिंती होत्या आणि त्यांत हजारो फटी होत्या. तिने मेलेलं कोकरू उचललं, पदर तोंडावर दाबून धरला आणि ती श्वास न घेता दारापर्यंत गेली.

त्या कोकराला ओढ्यात टाकायचं तिला जिवावर आलं. मेंढवाड्याच्या मागे माती मऊ होती, तिथे ती खणायला लागली. वीतभर खणल्यावर काठी कशाला तरी लागली. एक पसरट दगड होता. तो उचलला, तर खाली कोकराची कवटी. तिच्या शेजारी आणखी एक दगड, त्याखाली आणखी एक कवटी. कुणीतरी त्या ओळीने ठेवल्या होत्या, अगदी मायेने. त्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, जास्त जुनी, पिवळी पडलेली. त्याच्याही खाली काहीतरी होतं. पण तिने तिथे पुढे खणलं नाही.

म्हणजे पुरणारा एकच नव्हता. एकामागून एक आले होते, त्यांना कळलं होतं, आणि दाराला गाठ मारून ते निघून गेले होते.

ऊन होतं तोवरच त्यांनी पाल उतरवलं.

"आत्याबाई, गावात सांगून जाऊ या," सगळं ऐकल्यावर हौसा म्हणाली.

"गप. एक अक्षर बोलू नगंस. 'रोगट मेंढरं' म्हणून एकदा नाव पडलं, की कुठला शेतकरी शेतात बसू देईल? तुझं बाळंतपण काय झाडाखाली करू?"

"पर दुसरं कुणी आलं तर..."

"ज्येचं नशीब त्येच्याबरं. आपल्याला कुणी सांगितलं हुतं का?"

असं म्हणत तिने दार ओढलं आणि दोरी बांधली. बांधून झाल्यावर तिचा हात क्षणभर तिथेच थांबला. तिनेही दुहेरी गाठ मारली होती.

दोन दिवस चालून त्या नदीकाठच्या एका गावाला पोचल्या. तिथे देवजी नावाचा शेतकरी भेटला. स्वभावाने बोलका, मनाने उदार. हौसाची अवस्था बघून तो म्हणाला, "बाई, माझी आणि माझ्या भावांची मिळून या काठाला बारा शेतं आहेत. एकेका शेतात तीन-तीन राती बसा. पोरीचं बाळंतपण माझ्या घरी होऊ द्या. माझी आई सुईण आहे, या गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातावर आलंय."

म्हाकूबाईने मेखा काढल्या आणि वाघर लावायला सुरुवात केली. मेंढरं अशक्त दिसत होती, पण 'लांबून चालून आलीत' एवढं तिने सांगितलं आणि देवजीला ते पटलं.

तेवढ्यात वाटेवरून एक तरणा धनगर आला. मागे तीसएक मेंढरं, आणि पाठीला झोळीत तान्हं मूल बांधलेली त्याची बायको. दोघांचे पाय धुळीने गुडघ्यापर्यंत पांढरे झाले होते.

"पाव्हणं," त्याने देवजीला विचारलं, "माळावर एक मोकळा मेंढवाडा हाय म्हणं. वाट कुठली? हिला चालवंना झालंय. आठ दिस तरी टेकावं म्हणतो."

"अरे, बरी वेळ साधलीस!" देवजी म्हणाला. "या बाई त्याच बाजूने आल्यात. त्यांनाच विचार."

सगळे म्हाकूबाईकडे बघू लागले. हौसाही. आणि नदीवर आपल्या मेंढरांना पाणी पाजत उभा असलेला धुळाबाही. तो तिथे आहे हे तिने आत्ता पाहिलं.

एक शब्दही खोटा बोलायचा नव्हता. नुसतं हाताने वाट दाखवायची होती. ती माणसं गेली असती, संध्याकाळ झाली असती, हौसा सुईणीच्या घरात अंग टाकून झोपली असती.

झोळीतलं मूल गाढ झोपलं होतं. त्याचं तोंड उघडं होतं. दर श्वासाला झोळीचं कापड जरासं फुगत होतं आणि खाली बसत होतं. म्हाकूबाईला तो फटीच्या कडेशी येऊन थांबलेला करडा थर आठवला, आणि हवेत उचललेले ते पाय.

"जाऊ नगा तिकडं," ती म्हणाली. "त्या भिंती रगत पित्यात."

आणि मग तिने सगळं सांगितलं. सोळा मेंढरं, मांडीवर गेलेलं कोकरू, पांढऱ्या पापण्या, फटी, दगडांखालच्या कवट्या. दार बांधून गुपचूप निघून आल्याचंही सांगितलं. बोलताना ती देवजीकडे बघत नव्हती.

देवजी दोन पावलं मागे सरकला.

"आणि ही मेंढरं तू माझ्या शेतात घालत होतीस? माझ्या गुरांजवळ? काढ ती वाघर. आत्ताच्या आत्ता काढ. काय घाण उचलून आणलीस कुणास ठाऊक!"

हौसा एका हाताने पोट सावरत खाली वाकली आणि तिने पहिली मेख उपटायला घेतली. मेख पक्की बसली होती. ती दोन्ही हातांनी ओढू लागली.

"ती खरं बोलतीया," धुळाबा नदीतून वर येत म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की सगळ्यांना माना वळवाव्या लागल्या. "सात वर्सं झाली. त्या भिंतीमागं माझी कोकरं पुरलीत मी. कवट्यांची वरची वळ माझी हाय."

"सात वर्षं!" देवजी ओरडला. "मग सांगितलं का नाहीस, म्हाताऱ्या? या बाईची मेंढरं वाचली असती!"

"आत्ता हिला तू काय म्हणालास?" धुळाबाने विचारलं.

देवजीने हौसाच्या हातातल्या मेखेकडे पाहिलं.

"म्हणून," धुळाबा म्हणाला.

म्हाकूबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पाणवठ्यावर माझ्या मेंढीची पापणी बघितलीस तू."

"बघितली."

"तुला कळलं हुतं."

"कळलं हुतं." म्हाताऱ्याने मान वर केली नाही. "मी खणलं तवा माझ्या आदीची वळ निघाली, बाई. मलाबी कुणी सांगितलं न्हवतं. मी म्हणलं, ही रीतच आसंल."

झोळीवाल्या बाईने मुलाला पाठीवरून पुढे घेतलं आणि छातीशी धरलं. तिने हळूच विचारलं, "वरची वळ तुमची, म्हंजी सात वर्सं वाडा मोकळाच हुता. मग उपाशी मेली न्हाईत का ती?"

"मलाबी तसंच वाटायचं," धुळाबा म्हणाला. "न्हाई मरत, पोरी. ती वाट बघत्यात. भिंतीला काय, एक दिस आन् सात वर्सं सारखीच."

देवजी हौसाजवळ गेला. तिच्या हाताखालची मेख अर्धी वर आली होती. त्याने दगड घेतला आणि ती मेख पुन्हा खाली ठोकली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "बसव तुझी मेंढरं, बाई."

"आज न्हाई," म्हाकूबाई म्हणाली. "आदी उन्हात नेऊन समद्यांची लोकर कातरते आन् जाळते. येखादा गोचीड लोकरीत ऱ्हायला आसंल तर तुझ्या शेतात नगं यायला. पर माझ्या सुनेला आजच तुझ्या आईकडं ने."

"तिला तर नेतोच. आणि उद्या पहार घेऊन मी तुमच्याबरोबर माळावर येतो."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, बावीस माणसं माळावर पोचली. धनगर होते, शेतकरीही होते. चारही भिंतींभोवती वाळलेल्या काट्यांचे ढीग रचले. मग देवजीने पहिला दगड पहारेने उचकटला आणि बाजूला लोटला.

दगडाखालची जागा करडी होती, आणि ती सरकू लागली. दुसरा दगड काढला, तिसरा काढला. जिथे जिथे ऊन पडलं तिथून ते बाहेर येत होते, चपटे आणि सुरकुतलेले. पण ते सावलीकडे पळत नव्हते. उन्हात सगळे एकदाच थांबले आणि मग एकाच दिशेने निघाले. माणसं धापा टाकत उभी होती, त्या दिशेने.

"श्वास धरा," कुणीतरी म्हणालं.

बावीस माणसांनी श्वास धरला. माळावर एकदम शांतता झाली. आणि त्या शांततेत भिंतीचा आवाज ऐकू आला, मुठीतून कोंडा सांडावा तसा, सगळीकडून एकसारखा. म्हाकूबाईने पेटती चूड काट्यांवर टाकली. सगळे मागे धावले. आग चारही बाजूंनी चढली आणि आतून लाह्या फुटल्यासारखं तडतडायला लागलं. ते तडतडणं दिवस कलेपर्यंत थांबलं नाही. तोवर कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही.

म्हाकूबाईची त्यानंतरही तीन मेंढरं गेली. त्यांच्यात रक्तच उरलं नव्हतं. बाकीची हळूहळू सावरली. हौसाला देवजीच्या घरी मुलगी झाली. शेजारच्या दोन गावांनी मात्र त्या वर्षी म्हाकूबाईला शेतात बसू दिलं नाही. खरं बोलल्याची तेवढी शिक्षा तिला झालीच, आणि ती तिने भोगली.

पण त्या मुलखात एक नवी रीत पडली. दोन कळप पाणवठ्यावर भेटले, की रामरामाच्या आधी विचारतात, "कुठं बसलात? काय सोसलंत?" जो आपलं नुकसान सांगतो, त्याच्या मेंढरांना पाणी आधी मिळतं आणि बाकीचे थांबतात.

आगीत सगळेच जळाले, की काही जण विखुरलेल्या दगडांखाली कुणाच्या श्वासाची वाट बघत अजून बसले आहेत, ते कुणी शपथेवर सांगू शकत नाही. म्हणून तर विचारायची रीत कुणी मोडत नाही.

तात्पर्य: संकट भिंतीच्या फटीत राहतं, पण जगतं ते आपल्या गप्प बसण्यावर. म्हणून ज्याने सोसलं त्याने सांगावं, आणि जो सांगायला आला त्याला दारातून हाकलू नये.